माझ्या अर्जातलं तुझं नाव

दिग्रस,
६ जानेवारी २०२५

प्रिय कुंदा,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. घरच्या पत्त्यावर टाकावं की नाही, कळेना. तुझा फोन दोन दिवसांपासून बंद आहे.

शनिवारी सकाळी आमचा परिपाठ सुरू होता. पोरं ओळीत उभी, प्रतिज्ञा चाललेली, आणि माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. मी कापला, तो परत वाजला. तिसऱ्यांदा उचलला तर एक माणूस हिंदीत म्हणाला, "आप उज्ज्वला राठोड? ये कुंदा मॅडम आपकी कौन लगती है?" मी म्हटलं, मैत्रीण आहे. तर म्हणाला, "आपकी सहेली चोर है. पैसा खाके फोन बंद करके बैठी है. आप भरोगे, या आपके स्कूल में आके सबके सामने बोलें?"

समोर पोरं हात पुढे करून उभी होती. मुख्याध्यापक बघत होते. मी फोन पदराखाली धरला, म्हणजे त्या माणसाचा आवाज बाहेर जाणार नाही. पण तो येतच होता.

घरी येऊन सेवादासला सांगितलं. नवरा माझा, तो हसायलाच लागला. म्हणाला, "कुंदाताई अन् कर्ज? त्यायच्या घरी साखर संपली तं बिनसाखरेचा चहा पितीन, पण शेजारी वाटी घेऊन जानार नाई." खरंच आहे. होस्टेलच्या खोलीत दोन वर्षं तुझ्याबरोबर राहिले मी. डी.एड.च्या सगळ्या वर्गात उसनं न घेणारी तू एकटी होतीस. मला तेव्हा तुझा रागच यायचा.

कोणीतरी तुझं आधार कार्ड वापरलंय, कुंदा. आमच्या तांड्यातल्या संगीताच्या नावावर असाच कोणीतरी मोबाइल हप्त्यावर उचलला होता. आपण पोलिसांत जाऊ. तू सांग, मी सकाळच्या बसने येते. भाऊजींनाही बरोबर घेऊ, त्यांची उभी नोकरी कोर्टात गेलीय, त्यांना सगळं माहीत असेल.

लगेच उत्तर दे. मला त्या माणसाचा आवाज विसरता येत नाहीये.

तुझी,
उज्ज्वला


यवतमाळ,
११ जानेवारी २०२५

प्रिय उज्ज्वला,

तुझं पत्र शिपायाने वर्गात आणून दिलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच मी ओळखलं. तुझ्यापर्यंत गेले ते वसुलीवाले.

आधार कार्ड कोणी वापरलेलं नाही. मीच घेतलंय. त्या माणसाचं आणि आणखी चार-पाच ठिकाणचं. बँकेचं वेगळं, आपल्या पतसंस्थेचं वेगळं, सोन्यावरचं वेगळं. मागच्या महिन्यात एकदा सगळं एकत्र मांडलं. एकोणीस लाखांच्या वर गेलं तेव्हा कागद उलटा करून ठेवला.

तू विचारशील, कशासाठी. अनिमेषसाठी. पुण्याला नोकरी लागल्यावर तो शेअर बाजारात काही करत होता. ऑप्शन म्हणतात त्याला. मला वाटायचं, हुशार मुलगा आहे, वडिलांसारखा हिशेबी आहे. मग दीड-दोन वर्षांपूर्वी एके दिवशी त्याचा फोन आला. खोलीच्या बाथरूममधून बोलत होता, नळ सोडलेला ऐकू येत होता. "आई, बाहेर दोघं बसलेत, पैसे घेतल्याशिवाय जाणार नाहीत." तेवीस वर्षांचा मुलगा रडत होता. "बाबांना सांगू नकोस, त्यांच्या हृदयाला सोसणार नाही." ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी पतसंस्थेतून काढले आणि दिले. त्याने शपथ घेतली. पुढे पुन्हा काही निघालं, जुनंच, व्याजाचं. मग बँक. मग बँकेच्या हप्त्यासाठी ॲप. एका ॲपचं फेडायला दुसरं. हे लिहिताना मला माझंच नवल वाटतंय, की मी, जी मुलांना हातचा न विसरायला शिकवते, ती इतकी वर्षं हातचा धरतच गेले.

ह्यांना काही माहीत नाही. फोन पाण्यात पडला असं सांगितलंय. आता रोज घरी येताना दाराशी चपला कोणाच्या आहेत ते आधी बघते.

मागच्या आठवड्यात वर्तमानपत्रात एक जाहीर नोटीस वाचली. कोणी एका माणसाने आपल्याला नादार ठरवावं म्हणून कोर्टात अर्ज केला होता. देणं फेडण्याची ताकद उरली नाही, असं स्वतःच कोर्टाला सांगायचं. मी ती नोटीस चार वेळा वाचली. त्या माणसाचं वय माझ्याएवढंच होतं. अर्ज आपल्या इथल्या कोर्टातच करावा लागेल. त्याच इमारतीत, जिथे हे अधीक्षक होते, जिथले पट्टेवालेसुद्धा अजून आमच्याकडे संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला येतात.

करावा का गं अर्ज? तुझ्याशिवाय हे विचारायला कोणी नाही.

कुंदा


दिग्रस,
१७ जानेवारी २०२५

कुंदा,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले ते बसलेच. भाजी लागली. बबिता धावत आली, "याडी, कुणी गेलं का?" म्हणून. मी म्हटलं, कोणी नाही गं पोरी, कांदा झोंबला. भाजीत कांदाच नव्हता.

मला राग आलाय तुझा, तो आधी सांगते. दोन वर्षं. आपण या काळात किती वेळा भेटलो? प्रशिक्षणाला शेजारी बसून डबा खाल्ला. तू मला आंबाडीची भाजी वाढत होतीस आणि आत हे घेऊन बसली होतीस.

आता दुसरं सांगते. अर्ज कर.

कायले भिते? आमच्या तांड्यात कोणाचं अगदी गळ्याशी आलं की नायकाच्या ओट्यावर पंच बसतात. माणूस सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, माझ्याच्यानं आता होत नाही. पंच त्याला वाट्टेल ते बोलतात. म्हातारे तर उद्धार करतात त्याच्या सात पिढ्यांचा. मग काय सोडायचं, काय द्यायचं ते ठरतं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच पंचांशेजारी बसून चहा पितो. माझ्या काकांनी हे केलंय. मी लहान होते, मला वाटलं होतं आता काका मरतील. ते अजून आहेत आणि सगळ्यांच्या लग्नात पुढे असतात.

तुमच्या लोकांत सगळं दाराच्या आत चालतं. म्हणून तुम्हाला एक नोटीस एवढी मोठी दिसते.

आणि भाऊजींना सांग. कोर्टात तीस वर्षं माणसं बघितलेला माणूस आहे, मोडायचा नाही. तू सांगत नसशील तर आधी वकिलाकडे जा. पण या महिन्यात जा. तुला माझी शपथ नको घालायला लावू.

त्या ॲपवाल्याचा परत फोन आला होता. या वेळी मी वर्गाबाहेर जाऊन त्याला आमच्या तांड्याच्या गोरबोलीत ऐकवलं. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण फोन त्यानेच ठेवला.

उज्ज्वला


यवतमाळ,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय उज्ज्वला,

तुझं गोरबोलीतलं वाचून हसू आलं. घरात हे विचारायला लागले, काय झालं. किती दिवसांनी विचारलं त्यांनी तसं.

वकिलाकडे जाऊन आले. उर्वशी नाव आहे, माझ्याच हाताखाली चौथीत होती. ओळखीच्या जुन्या वकिलांकडे गेले असते तर संध्याकाळी ह्यांना कळलं असतं. उर्वशीने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली, बाई म्हणून. मग मी बोलायला लागले तशी ती हळूच बसली.

तिने सगळं नीट समजावलं. कायदा जुना आहे, इंग्रजांच्या वेळचा. इकडे फार कोणी असा अर्ज करत नाही. अर्जात सगळी देणी आणि जे काही आपल्या मालकीचं आहे ते लिहून द्यायचं, एकही गोष्ट न लपवता. अर्ज मंजूर झाला की माझ्या नावावर जे असेल ते कोर्टाने नेमलेला माणूस ताब्यात घेईल आणि देणेकऱ्यांत वाटेल. कोर्टाच्या परवानगीशिवाय मग कोणी वसुलीला दारात येऊ शकत नाही. खात्याला कळवावं लागेल. नोटीस छापून येईल. आणि नादार ठरलेल्या माणसाला पुढे कोणी कर्ज देत नाही, हेही तिने सांगितलं. हे सांगताना ती खाली बघत होती. मला वाटलं, कर्ज न मिळणं ही मला शिक्षा वाटेल, असं तिला वाटतंय. आणि खरंच वाटली. कधी वेळ आली तर काय, अनिमेषला काही झालं तर काय.

तिने आणखी एक गोष्ट विचारली. ती मी पुढच्या पत्रात लिहीन.

अर्जाचा मसुदा तिने तयार केला आहे. सहीसाठी बोलावते आहे. मी दोनदा तिच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले. मला थोडा वेळ दे. तू रागावू नकोस आणि आत्ता काही विचारूही नकोस.

तुझी,
कुंदा


दिग्रस,
५ मार्च २०२५

सौ. कुंदाबाई यांस,

काल माझा पगार जमा झाला आणि तासाभरात त्यातून एक मोठी रक्कम वळती झाली. बँकेत विचारलं. त्यांनी पतसंस्थेकडे बोट दाखवलं. पतसंस्थेत गेले, तर तिथल्या मुलाने फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. कर्जदार तू. जामीनदार मी. सही माझी.

तीन हप्ते थकले म्हणून मला दोन नोटिसा पाठवल्या होत्या म्हणे. त्या माझ्या जुन्या शाळेत गेल्या. बदली झाल्यापासून तिथे माझं कोणी नाही.

ती सही कधी केली ते आठवायला मला तिथल्या तिथे बाकावर बसावं लागलं. यवतमाळचं प्रशिक्षण. चहाच्या सुट्टीत नेहमीसारखे फॉर्म फिरत होते. याच्यावर तू कर, तुझ्यावर मी करते. आपण सगळे मास्तर असेच करतो. माझ्या घराच्या कर्जावर तूही अशीच केली होतीस, पेन माझंच होतं. कशाचं कर्ज, किती, मी बघितलंही नाही. तुझं होतं म्हणून.

सेवादास म्हणाला, "काहून सही केलती तू? वाचून पाह्यलं होतं काय?" मी म्हटलं, कुंदाचं होतं. तो म्हणाला, "म्हणूनच तं विचारून राह्यलो." मग तो उठून अंगणात गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ते पैसे बबिताच्या नर्सिंगच्या होस्टेलचे होते.

पण मला हादरा पैशाचा बसलेला नाही. मी रात्रभर तुझी पत्रं परत वाचली. वकिलीणबाईंनी विचारलेली ती 'आणखी एक गोष्ट' हीच होती ना? जामीन कोण? आणि तू मला लिहिलंस, आत्ता विचारू नकोस. त्याच्या आधी मी तुला शहाण्यासारखी लिहून राहिले होते, अर्ज कर, भिते कायले. मी माझ्याच अंगावर काय ओढून घेतेय ते तुला माहीत होतं, आणि तू मला लिहू दिलंस.

उज्ज्वला राठोड


यवतमाळ,
९ मार्च २०२५

उज्ज्वला,

हो. तीच गोष्ट.

उर्वशीने सांगितलं, नादारी कर्जदाराला वाचवते, जामीनदाराला नाही. मी अर्ज केला की संस्था माझ्यामागे येणार नाही, सरळ तुझ्याकडे येईल. पूर्ण रकमेसाठी. ते ऐकल्यापासून मी तिच्या जिन्यावरून परत फिरत होते.

मी तुला सांगितलं नाही, कारण मला भीती होती तू हो म्हणशील. म्हणशील, होऊ दे, घे माझ्या पगारातून, तू सुट. तू तशी आहेस. आणि मग मी खरोखरच सही केली असती. माझा माझ्यावर तेवढाही भरवसा उरला नव्हता. न सांगता निदान अर्ज तरी अडून राहील, असं वाटलं. संस्थेचा हप्ता आधी भरायचा असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. पण पगार खात्यात पडतो तेव्हा मी वर्गात असते. मी बँकेत पोचेपर्यंत ॲपवाल्यांनी ओढून नेलेलं असतं. तीन महिने हेच झालं. तुला कळायच्या आत भरेन, भरेन, म्हणत राहिले.

हे वाचून तुला वाटेल मी स्वतःची बाजू मांडतेय. मांडत असेनही. इतके दिवस मी समजत होते की मी सगळ्यांना वाचवतेय. अनिमेषला, ह्यांना, तुला. प्रत्येकापासून एकेक गोष्ट लपवून. तुझ्या पत्रातल्या 'सौ. कुंदाबाई' या दोन शब्दांनी मला पहिल्यांदा बाहेरून बघितल्यासारखं वाटलं.

मी उर्वशीला सांगितलंय, अर्ज करायचाच झाला तर त्यात तुझं नाव नको. तुझं मी बाहेरून देईन, हळूहळू. ती म्हणाली, बाई, असं करता येत नाही. म्हणून मग अर्ज नकोच.

तुझे पैसे मी देईन. कसे ते माहीत नाही.

कुंदा


दिग्रस,
२३ मार्च २०२५

कुंदा,

हे पत्र पोचेपर्यंत भाऊजींनी तुला सगळं सांगितलेलं असेल. कदाचित नसेलही, तुम्हा दोघांचं काही सांगता येत नाही. म्हणून मी जे पाहिलं ते लिहिते.

काल शनिवारी, तू शाळेत असताना, मी तुझ्या घरी गेलते. भांडायलाच गेलते. सेवादासने सकाळी डबा भरताना एवढंच म्हटलं होतं, "त्यायले तरी विचार. निवृत्त झाले तेव्हा काही मिळालंच असन ना." मला पटलं. बसमध्ये सगळी वाक्यं तयार करत गेले.

भाऊजी अंगणात कूलरच्या ताट्या बदलत होते. नवा वाळा आणलेला, हाताला तार गुंडाळलेली. मला बघून उठले, पाणी आणलं, सेवादासचं विचारलं. म्हणाले, "बसा, कुंदा येईलच दोनपर्यंत. या वर्षी ऊन लवकर आलं." त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेव्हा कळलं की त्यांना खरंच एक शब्द माहीत नाही. माझी सगळी वाक्यं तिथेच गेली.

तरी मी सांगितलं. सगळं. पतसंस्था, बँक, ॲप, माझा पगार. ते तार बांधत राहिले. मी अनिमेषचं नाव घेतलं तसा हात थांबला.

म्हणाले, "ते तर मी भरले."

मी म्हटलं, काय भरले?

"अनिमेषचे. निवृत्तीचे आले होते त्यातून. पूर्ण दिले त्याला. त्याचं सगळं मिटलंय."

मला वाटलं, त्यांना माझं बोलणं कळलं नाही. मी विचारलं, कधी? म्हणाले, तेवीसच्या जूनमध्ये, रिटायर झालो त्याच महिन्यात. कुंदा, तूही पतसंस्थेतून त्याच जूनमध्ये काढलेस. माझ्या सहीखाली तारीख आहे.

मग मी विचारलं, भाऊजी, त्याने फोन बाथरूममधून केला होता का?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "तुम्हाला कसं माहीत?" म्हणाले. "नळ चालू होता. बाहेर दोघं बसलेत म्हणाला. आईला सांगू नका म्हणाला, तिचं बीपी वाढेल."

ते त्या अर्धवट ताटीकडे बघत होते. मग म्हणाले, "कुंदा रोज सकाळी फोडणी देताना गुणगुणायची. ते बंद झालं. मला वाटलं, मी घरी बसलो म्हणून तिला आवडत नसेल."

मला तिथे थांबवेना. पैशाचं एक अक्षर न बोलता निघाले. माझ्यासमोर जन्मलेला मुलगा आहे अनिमेष. त्याच्या बारशाला मी काचकाम केलेलं टोपडं शिवलं होतं. त्याने एकच रडणं दोन वेळा केलं.

मी तुझं न विचारता सांगितलं. तू मला माझं सांगितलं नव्हतंस, मी तुझं सांगून टाकलं. चूक का बरोबर ते मला ठरवता येत नाहीये.

आणि एक. अर्ज केलास तर माझं नाव त्यात घालायचं. बाहेरून हळूहळू वगैरे नको. मी तुझ्यावर दया करणार नाही आणि तूही माझ्यावर करू नकोस. जे माझं आहे ते कोर्टात लिहून दे.

उज्ज्वला


यवतमाळ,
४ मे २०२५

प्रिय उज्ज्वला,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही माझ्या हातात नव्हतं.

त्या शनिवारी मी घरी आले तेव्हा हे अंगणात तसेच बसलेले होते. ऊन अंगावर आलेलं. मला म्हणाले, "तू किती दिलेस?" मी म्हटलं, कोणाला? तर म्हणाले, "मीही दिलेत." तुझ्या पत्रातलं सगळं मला तेव्हा त्या दोन शब्दांत कळलं. मी रडले नाही. मला फक्त ऐकू येईनासं झालं, शेजारच्या गिरणीचा आवाजसुद्धा.

अनिमेषला बोलावून घेतलं. आला. वाळलाय. ह्यांनी त्याला एकच विचारलं, दोघांकडून का? तो म्हणाला, एकाच्या पैशांत जुनं फेडलं, दुसऱ्याच्या पैशांत गेलेलं परत मिळवणार होतो. मिळालं की दोघांनाही परत देणार होतो, कळलंही नसतं तुम्हाला. हे तो इतकं सरळ म्हणाला की मला वाटलं, त्याला आपण खोटं बोललो हे अजून माहीतच नाही. त्याच्या डोक्यात तो पुढच्या आठवड्यात जिंकलेला आहे, आणि आम्ही मागच्या आठवड्यात अडकून पडलोय.

ह्यांनी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. उठून आत गेले.

मग तो माझ्याजवळ सरकला. हळू आवाजात म्हणाला, "आई, तुझ्या जीपीएफमधून उचल मिळते ना? एकदाच. मी सगळं बाहेर काढतो." वडील भिंतीपलीकडे होते, उज्ज्वला. तो माझा हात धरून होता. आणि मला भीती कशाची वाटली सांगू? माझ्या मनात आलं, किती मिळेल. एका क्षणात मी हिशेब सुरू केला होता.

त्या क्षणी मला माझा आजार दिसला. त्याचा त्याला असेल. माझा हा आहे, की जोवर मला कोणी एक रुपया देतंय, तोवर मी तो त्याच्या हातावर ठेवणार. तो मागत राहणार, मी सह्या करत राहणार. उर्वशीच्या खोलीत जी गोष्ट मला शिक्षा वाटली होती, की आता तुम्हाला कोणी कर्ज देणार नाही बाई, तीच मला हवी होती. माझा हात मला स्वतःला आवरता येत नाही. तो कोर्टाने धरावा.

सोमवारी मी अर्जावर सही केली. हे बरोबर आले होते. मी नको म्हणत होते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात शिरल्यावर तीन जणांनी त्यांना नमस्कार केला, आणि काय काम काढलं म्हणून विचारलं. प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, "हिचा नादारीचा अर्ज आहे." हवामान सांगावं तसं. एकजण हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा पडला. मी जमिनीकडे बघत होते, पण हे चालता चालता माझ्यासाठी थांबत होते.

तुझं नाव अर्जात आहे. बँकेच्या खाली, ॲपवाल्यांच्या वर. संस्था तुझ्या पगारातून वळते करते ते थांबवता येत नाही, पण तू जे भरशील ते तुझं माझ्याकडचं येणं म्हणून लिहिलं जाईल. त्यातलं कोर्टाकडून तुला किती परत मिळेल, उर्वशीला सांगता येत नाही. फार नाही. कोर्टात माझी बांगडी आणि पोत लिहून दिली. ह्यांनी म्हटलंय, मे महिन्यापासून संस्थेचा अर्धा हप्ता त्यांच्या पेन्शनमधून जाईल. ते त्यांचं त्यांनी ठरवलं, मी विचारलं नव्हतं. किती महिने जमेल, कळत नाही. तुझ्या घराच्या कर्जाला मात्र दुसरा जामीन शोध. माझी सही आता कुठे चालणार नाही.

कोर्टाची नोटीस तुला येईल. सेवादासभाऊंना आधीच सांगून ठेव. त्यावर तू आणि मी एकमेकींच्या विरुद्ध बाजूला असू. तारखेला आलीस तर ये. नाही आलीस तरी मी समजेन.

अर्ज दिल्यावर घरी येऊन मी फोन सुरू केला. खूप दिवसांनी. तासाभरात बरेच फोन आले. त्या माणसांना मी सांगत गेले, अर्ज कोर्टात आहे, नंबर लिहून घ्या. एकाने शिवी दिली. एकजण म्हणाला, "ठीक है, मॅडम." आवाज अगदी कोवळा होता त्याचा.

शेवटी अनिमेषचा आला. पुण्याला पोचला होता. म्हणाला, "आई, ते जीपीएफचं..." मी म्हटलं, माझ्या नावावर आता कोणी काही देणार नाही रे. कोर्टात लिहून दिलंय. बाबांचंही संपलंय.

मला वाटलं, तो फोन ठेवेल. पैशाचं नाही म्हटल्यावर तो नेहमी लगेच ठेवतो. ठेवला नाही. बोललाही नाही. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता, कोणीतरी गाडी मागे घेत होतं. माझ्याकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं आणि तो फोनवर होता.

मीही ठेवला नाही.

कुंदा